चार लाख एकतीस हजार सहा

४३१००६. चिकलठाणा एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर. हा आमचा पिनकोड. फोनवर पत्ता सांगताना आपण ‘फोर थ्री वन, डबल झीरो सिक्स’ म्हणतो. ‘चार लाख एकतीस हजार सहा’ असं कुणीच म्हणत नाही. पिनकोडात लाख आणि हजार नसतात, पत्ता असतो.

मी इथल्या एका छोट्या कंपनीत डिस्पॅचला आहे. चलन काढायचं, बॉक्सवर लेबल चिकटवायचं, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करायचा, हे माझं काम. प्रत्येक लेबलवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याखाली ४३१००६ छापलेलं असतं. दिवसाला शंभर-दीडशे लेबलं. अशी दोन वर्षं झाली. एकच संख्या इतक्या वेळा डोळ्यांसमोरून गेल्यावर मी तिच्याकडे संख्या म्हणून बघायला लागले.

त्याला कारण आहे. माझं बीएस्सी गणितात झालंय. एमएस्सीचा फॉर्म भरायच्या वर्षी पप्पांची कंपनी बंद झाली. बावीस वर्षांची नोकरी होती. हिशेब मिळाला, त्यातला बराचसा घराच्या कर्जात गेला. मी नोकरी धरली. कुणी जबरदस्ती केली नाही, घरात चर्चासुद्धा झाली नाही. या वर्षी मी परत एमएस्सीचं नाव काढलं तेव्हा मात्र चर्चा झाली. मामा म्हणाले, “दोन वर्षं पगार सोडून गणित करायचं, तर त्याचा उपयोग काय ते सांग. बँकेची परीक्षा दे, मी क्लासचे पैसे भरतो.” मामा वाईट माणूस नाही. त्यांनी खरंच पैसे भरले असते. त्यामुळे त्यांना उत्तर देणं भाग होतं. ते शोधताना मी या सहा आकड्यांशी काय काय केलं, ते लिहितेय.

आधी हे आकडे आले कुठून ते सांगते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, यांत पत्रं फिरत राहायची. ही योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. म्हणजे मराठी माणूस, आणि केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातला हा अधिकारी संस्कृतात कविता करणारा. त्यांनी देशाचे आठ विभाग केले, नववा लष्कराच्या टपालाला दिला. पहिला आकडा विभागाचा. आपला ४, ज्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो. शेवटचे तीन म्हणजे पत्र घरी पोचवणारं पोस्ट ऑफिस.

आमच्या लेबलांवरून एक गोष्ट मला आधीच पाठ झाली होती. जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड आणि आम्ही, सगळे ४३१. लातूर आणि धाराशिव ४१३. तेच तीन आकडे, फक्त जागा बदललेल्या. ४१३ म्हणजे ७ गुणिले ५९. ४३१ला मात्र कशानंच भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे.

मग साहजिकच पूर्ण ४३१००६चे अवयव पाडावेसे वाटले. संख्या सम आहे, त्यामुळे २नं भाग गेला आणि २१५५०३ उरले. ही संख्या कशानं फुटते? इथे एक सोपा नियम मदतीला येतो. संख्या फुटणार असेल, तर तिचा एक तरी अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. २१५५०३चं वर्गमूळ ४६४च्या जरा पुढे आहे. म्हणजे ४६३पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं. अशा मूळ संख्या ९० आहेत.

नव्वद भागाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काही मोठे नाहीत, पण मी ते एका बैठकीत केले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत आठ-दहा करायचे आणि बाद लेबलांच्या मागं बाकी लिहून ठेवायची. ७नं भागलं, बाकी १. १३नं भागलं, बाकी २. ४३१नं भागलं, बाकी ३. दोन आठवड्यांनी ४६३पाशी पोचले. बाकी २०८. संपलं. २१५५०३ फुटत नाही. आमच्या पिनकोडाच्या आत एक मोठी मूळ संख्या बसलेली आहे, आणि ती तिथे वेलणकरांनी ठेवलेली नाही. त्यांनी विभाग, जिल्हा आणि पोस्ट ऑफिस यांना क्रमांक दिले. हा गुणधर्म त्या संख्येचा आधीपासूनच होता, टपाल खातं जन्मायच्या आधीपासून.

मामांसाठी पहिलं उत्तर इथेच तयार होतं. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण आलेल्या उत्तरावरून त्या दोन संख्या परत शोधणं फार अवघड. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७मध्ये या अवघडपणाचं कुलूप बनवलं. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. इंटरनेटवर आजही हे कुलूप खूप ठिकाणी आहे. त्यात नेहमी वापरली जाणारी संख्या २०४८ बिटांची, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ६१७ अंकी असते. मला सहा अंकी संख्येला नव्वद भागाकार लागले. फेब्रुवारी २०२०मध्ये संशोधकांच्या एका गटानं २५० अंकी संख्या फोडली. ते काम संगणकाच्या एकाच कोअरवर केलं असतं, तर साधारण २,७०० वर्षं लागली असती. ६१७ अंकी संख्या अजून कुणी अशी फोडलेली नाही.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग कॉम्प्युटरचा कोर्स कर की.”

त्यांचं बरोबर होतं. उपयोग सांगून एखादी गोष्ट पटवायला गेलं, की समोरचा त्याहून उपयोगी गोष्ट दाखवतो. आणि मी जेवणाच्या सुट्टीत नव्वद भागाकार केले, ते काही इंटरनेटच्या सुरक्षेसाठी नाही. मला फक्त कळून घ्यायचं होतं.

नुसतं कळून घ्यायचंय म्हणून आयुष्यभर संख्यांशी खेळलेला एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९२९ला बीएस्सी झाले, आणि पुढे एमएस्सी वगैरे काही केलं नाही. १९३०पासून १९६२पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळेत शिकवत होते. उरलेल्या वेळात संख्या.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध शोध १९४९चा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, आणि मोठीतून छोटी वजा करा. उत्तरावर परत तेच करा. पप्पांच्या गाडीचा नंबर ४६३५ आहे.

६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४वर तेच करून बघा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता.

यात जादू नाही. वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. ४६३५मध्ये ते फरक ३ आणि १ आहेत, म्हणून २९९७ अधिक ९०, म्हणजे ३०८७. असे फरक फारसे नसतातच. त्यामुळे ०००० ते ९९९९मधल्या सगळ्या संख्या पहिल्याच पायरीला फक्त ५४ उत्तरांवर येतात. सगळे अंक सारखे असलेल्या तेवढ्या शून्यावर जातात. ती ५४ उत्तरं एकेक करून तपासली, की झाली सिद्धता. अकरावीतल्या मुलीलाही जमेल. पण आधी ते कुणाला तरी दिसावं लागतं.

मी हे वहीत करत होते तेव्हा पप्पा शेजारी येऊन बसले. कंपनी बंद झाल्यापासून ते संध्याकाळी घरीच असतात. दिवसा एका गोडाऊनवर सुपरवायझर आहेत.

“काय करायलीस?”

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “तीन आकड्यांचं होतं का?”

होतं. तीन अंकी संख्या ४९५वर जातात. त्यांनी लगेच आपला जुना टोकन नंबर सांगितला, ७४२. बावीस वर्षं हाच नंबर गेटवर, कार्डावर, पगाराच्या पावतीवर होता. ७४२ वजा २४७, पहिल्याच पायरीला ४९५.

“आणि दुसऱ्यांचे?”

“सगळ्यांचे. तिन्ही आकडे सारखे नसले की झालं.”

पप्पा जरा थांबून म्हणाले, “म्हणजे सेटलमेंटसारखंच.”

कंपनी बंद झाल्याबद्दल ते एरवी काहीच बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. शेवटच्या महिन्यात कोण कोण रांगेत उभं होतं, ते त्यांना नावांपेक्षा टोकन नंबरांनी जास्त आठवत होतं. मी वहीत नंबर लिहीत गेले, ते माणसं सांगत गेले. ३१८ वेल्डर होता, आता वाळूजला जातो. ५०६नं गावाकडं शेळ्या घेतल्या. प्रत्येक नंबर आम्ही ४९५पर्यंत नेला. रात्रीचे अकरा वाजले.

मग त्यांनीच आमच्या पिनकोडाचं विचारलं. सहा अंकी संख्यांचं जरा वेगळं आहे. तिथे अशा थांबणाऱ्या दोन संख्या आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, पण प्रत्येक संख्या त्यांच्यापर्यंत पोचतेच असं नाही. ४३१००६ निघते ती ६४१७५४वर, तिथून ६२०८७४वर, मग ८५१७४२वर येते. पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि परत ८५१७४२. तिथून तेच सात थांबे, तीच फेरी. ती कधीच सुटत नाही.

“फर्स्ट, सेकंड, नाइट,” पप्पा म्हणाले. “परत फर्स्ट.”

कापरेकरांनी संख्यांना नावंही छान दिली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. आपल्या शहराचा ४३१००१ हर्षद आहे. अंकांची बेरीज ९, आणि भाग जातो ४७८८९ वेळा. आमच्या ४३१००६ची बेरीज १४. भाग जात नाही, २ उरतात. दुसरं नाव स्वयंभू. १५मध्ये तिच्या अंकांची बेरीज ६ मिळवली की २१ होतात, म्हणून १५ ही २१ची जनक. २०ला असा जनकच नाही, म्हणून २० स्वयंभू. चिकलठाण्याच्या पिनकोडाला एकच जनक आहे, ४३०९८१. तिच्या अंकांची बेरीज २५, ती मिळवली की ४३१००६. तिसऱ्या प्रकाराला तर कापरेकरांचंच नाव आहे. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ परत ४५.

मोठे गणिती या सगळ्याकडे फार आदरानं बघत नसत, आणि त्यांचा मुद्दा खरा आहे. २१५५०३ मूळ आहे, ते आपण ती कशीही लिहिली तरी मूळच राहणार. आपल्याला आठ बोटं असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तरीही. हर्षद किंवा स्वयंभू असणं मात्र आपण दहाच्या पटीत लिहितो यावर अवलंबून आहे. लिहायची पद्धत बदलली की ४३१००१चा आनंद टिकेल याची खात्री नाही. म्हणजे मूळ असणं हा संख्येचा स्वभाव, आणि हर्षद असणं हा तिचा आपल्याशी असलेला संबंध. मला या दोन्ही गोष्टी हव्याशा वाटतात. पिनकोड, टोकन, गाडीचा नंबर, यांत नाहीतरी किंमत नसतेच, नुसते आकडे असतात. दोन पिनकोडांची बेरीज करून कुठलंच गाव सापडत नाही. अशा नंबरांशी खेळायला कापरेकरांचंच गणित बरं.

त्यांना या सगळ्यातून काय मिळालं? मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. १९६६मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायचे. १९८६मध्ये देवळालीतच वारले. त्यांच्या संख्यांवर कुठलं कुलूप उभं राहिलेलं नाही.

हा भाग मी मामांना सांगितला नाही, पप्पांना सांगितला. मला वाटलं होतं, पेन्शनचं ऐकून ते म्हणतील, बघ, म्हणूनच. पप्पा म्हणाले, “बावीस वर्षं मी उपयोगाचंच काम केलं ना.” पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मला त्या वाक्यातून जे समजलं ते असं. ७४२ हा नंबर कंपनीनं दिला होता, हजेरीसाठी. कंपनी गेली, हजेरी गेली. पण ७४२मधून २४७ वजा केले की ४९५ येतात, हे कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून ते कुणी काढूनही घेऊ शकत नाही. आपल्या प्रत्येकाकडे असे किती नंबर असतात. सीट नंबर, मेरिट नंबर, आधार, यूएएन. सगळे कुणीतरी आपल्याला मोजायला, छाटायला, रांगेत उभं करायला दिलेले. त्यांच्याकडे आपण आपल्या मर्जीनं बघितलं, की तेवढा वेळ ते आपले होतात. पगार सोडायला हे कारण पुरेसं आहे का, ते मला अजून माहीत नाही. पण उपयोगाच्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं खरं उत्तर नाही, आणि खोटं द्यायचं नाही असं ठरवलंय.

मी एमएस्सीचा फॉर्म भरला. मामांना तसं सांगितलं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि क्लासचे म्हणून काढून ठेवलेले पैसे फीला वापर म्हणाले. मी निम्मे घेतले. कंपनीत सकाळऐवजी दुपारची वेळ मिळते का ते विचारलंय. साहेब बघू म्हणालेत. प्रवेशाची यादी अजून लागायची आहे.

पप्पांनी मात्र ६१७४ टपरीवर नेलाय. केंब्रिज चौकाकडे जाताना एक चहावाला आहे, संध्याकाळी तिथं त्यांच्या कंपनीतले जुने पाच-सहा जण जमतात. लावलेल्या गाड्यांचे नंबर घेऊन ते सिगरेटच्या पाकिटावर वजाबाक्या करत बसतात. परवा घरी आले ते हसतच. तिथं एका प्लॉटिंगवाल्याची नवी गाडी उभी होती, जास्तीचे पैसे भरून घेतलेला नंबर, ७७७७.

“सगळ्यांच्या पोचल्या,” पप्पा म्हणाले. “त्याची तेवढी शून्यावर गेली.”